भिंतीवरचा सिंह कोणाचा?

१/ मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागोमाग एक येतात. बदलापुरात नवे घर घेतलेले जोडपे सोफा पाहायला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जाते, आणि तिथेच कुठेतरी वॉलपेपरचा जाडजूड कॅटलॉग त्यांच्यापुढे उघडला जातो. काही पाने उलटली की ढाली, मुकुट, मागच्या पायांवर उभा ठाकलेला सिंह आणि तीन पाकळ्यांचे सोनेरी फूल दिसू लागते. दुकानदार म्हणतो, ‘हा रॉयल लूक.’ हा सिंह नेमका कोणाचा, आणि एका स्थानकाच्या अंतरावर ९६० वर्षांहून जुनी, खरीखुरी मध्ययुगीन भिंत उभी असताना तो तिथे काय सांगतो, याविषयी हा थ्रेड.

२/ आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. असा वॉलपेपर लावणाऱ्याची टिंगल करणे सोपे आहे आणि निरर्थकही. स्वतःच्या घामाच्या पैशाने घेतलेल्या खोलीत थोडे वैभव असावे, ही इच्छा माणसाइतकीच जुनी आहे. आक्षेप आहे तो चिन्ह न वाचता ते भिंतीवर चढवण्याला. मध्ययुगातले कुलचिन्ह शोभेची नक्षी म्हणून जन्माला आले नव्हते. तो एक दावा होता, आणि दाव्यामागे जबाबदारी होती.

३/ युरोपात कुलचिन्हांची पद्धत साकारली ती बाराव्या शतकात. चिलखत आणि शिरस्त्राण यांनी योद्ध्याचा चेहरा झाकला गेला. रणांगणात आणि द्वंद्वाच्या आखाड्यात समोरचा कोण, हे ओळखायचे कसे? मग ढालीवर, झुलीवर, निशाणावर ठरावीक आकृती आली. ती बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, आणि या आकृत्यांची नोंद ठेवणारे ‘हेराल्ड’ नावाचे अधिकारी निर्माण झाले. इंग्रजीतला ‘हेराल्ड्री’ हा शब्द त्यांच्यावरून आला.

४/ या शास्त्राचा एक नियम फार सुंदर आहे. रंगांचे दोन मुख्य गट : सोने व चांदी हे ‘धातू’, म्हणजे व्यवहारात पिवळा व पांढरा, आणि लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू येऊ नये, रंगावर रंग येऊ नये. निळ्यावर सोनेरी चालेल, निळ्यावर काळे चालणार नाही. कारण अगदी व्यावहारिक आहे : धुरळ्यात, दुरून, धावत्या घोड्यावरूनही चिन्ह स्पष्ट दिसले पाहिजे. आज रस्त्यावरच्या पाट्या रंगवताना हाच विचार केला जातो. राखाडीवर रुपेरी ढाल छापणारा ‘रॉयल’ वॉलपेपर या पहिल्याच परीक्षेत नापास होतो.

५/ चिन्ह किती गांभीर्याने घेतले जाई, याचे एक उदाहरण पाहावे. १३८५ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्याच्या फौजेत रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर हे दोघे सरदार एकच चिन्ह घेऊन आले : निळ्या ढालीवर तिरपा सोनेरी पट्टा. खटला उभा राहिला आणि काही वर्षे चालला. शेकडो साक्षीदार तपासले गेले. त्यांत कवी जेफ्री चॉसरही होता. लंडनच्या एका रस्त्यावर हे चिन्ह टांगलेले दिसले तेव्हा स्क्रोप तिथे उतरले आहेत असे आपल्याला वाटले, पण चौकशी करता ते ग्रोव्हनरचे निघाले, अशी त्याची साक्ष नोंदलेली आहे. १३९० मध्ये निकाल स्क्रोपच्या बाजूने कायम झाला. निळ्यावर एक सोनेरी पट्टा, आणि त्यासाठी एवढा खटाटोप!

६/ आता वॉलपेपरकडे वळू. मध्ययुगीन किल्ल्यातल्या दालनांत कागद नव्हता. भिंती रंगवल्या जात, त्यांवर विणलेले पडदे आणि कापडे टांगली जात. इंग्लंडमधील छापील भिंतकागदाचा सर्वांत जुना ज्ञात तुकडा केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजमध्ये सापडला. तो सुमारे १५०९ चा आहे आणि त्यावर डाळिंबाची नक्षी आहे. म्हणजे मध्ययुग मावळत असताना हा कागद उगवत होता.

७/ मग ‘मध्ययुगीन वॉलपेपर’ ही कल्पना आली कुठून? तिचे खरे माहेर एकोणिसावे शतक. १८३४ मध्ये लंडनचे संसदभवन जळाले. नव्या इमारतीच्या अंतर्भागाचे काम ऑगस्टस प्यूजिन या मध्ययुगवेड्या कलावंताने केले. ट्यूडर गुलाब, किल्ल्याचा जाळीदार दरवाजा आणि तीन पाकळ्यांचे फूल यांच्या नक्षीचे वॉलपेपर त्याने रेखाटले. बाहेर गिरण्यांचा धूर कोंडला होता आणि आत सरदारांचे युग कागदावर छापले जात होते. आजच्या कॅटलॉगातला सिंह या व्हिक्टोरियन स्वप्नाचा वंशज आहे.

८/ हे स्वप्न मुंबईतही उतरले. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये कल्याणपासून खोपोलीपर्यंत, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरवरून, गाडी नेली, तिनेच पुढे १८८८ मध्ये बोरीबंदरची भव्य गॉथिक इमारत पूर्ण केली. वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स. तिच्या प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह बसला आहे, दुसरीकडे वाघ : एक ब्रिटनचा, एक हिंदुस्थानचा. बदलापूर लोकलने रोज सीएसएमटी गाठणारे हजारो लोक या प्राण्यांच्या सावलीतून जातात. त्यांतला सिंह काय सांगत होता, हे मात्र क्वचितच कोणी वाचते.

९/ त्या तीन पाकळ्यांच्या फुलाचेही पाहू. ‘फ्लर-द-लिस’ हे फ्रान्सच्या राजघराण्याचे चिन्ह. दिसायला नाजूक आणि निष्पाप. पण १६८५ च्या फ्रेंच ‘कोड नुआर’ या गुलामविषयक कायद्यात महिनाभर पळालेल्या गुलामाचे कान कापावेत आणि खांद्यावर हेच फूल डागावे, अशी शिक्षा सांगितली आहे. चिन्ह एकच. एका खांद्यावर ते रेशमी झग्यावर शोभले, दुसऱ्या खांद्यावर तापल्या लोखंडाने उमटले. म्हणून ते फूल भिंतीवर लावूच नये असे नाही. पण त्याचे दोन्ही खांदे ठाऊक असावेत.

१०/ भारतीय राजांना युरोपीय पद्धतीची कुलचिन्हे मिळाली तीही अशीच, वरून. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला ‘कैसर-ए-हिंद’ घोषित केले गेले. व्हाइसरॉय लिटनने प्रमुख संस्थानिकांना रेशमी ध्वज दिले. त्यांवरची ढालचिन्हे रॉबर्ट टेलर या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्याने रचली होती. ध्वज इतके जड होते की ते वागवताना तारांबळ उडे. शतकानुशतके तलवार गाजवलेल्या घराण्यांची ‘प्राचीन’ चिन्हे एका कचेरीतल्या मेजावर तयार झाली. परंपरा कशी घडवली जाते, याचा इतका ठसठशीत नमुना दुसरा मिळणे कठीण.

११/ तरीही उसन्या चौकटीत कधीकधी आपला मजकूर टिकून राहतो. बडोद्याच्या गायकवाडांच्या चिन्हावरचे ब्रीद पाहावे : ‘जिन घर, जिन तख्त’. खोगीर हेच घर, खोगीर हेच सिंहासन. अठराव्या शतकातल्या मराठा घोडदळाचे सारे जगणे या चार शब्दांत आले आहे. ढालीची पद्धत साहेबाची, पण वाक्य स्वाराचे. चिन्हाचा जीव आकृतीपेक्षा अशा वाक्यात असतो.

१२/ मग प्रश्न येतो : मध्ययुगीन महाराष्ट्राकडे स्वतःचे असे काही होते का? होते, आणि त्यासाठी नेमके शब्दही होते : ध्वज, लांछन, मुद्रा. बदामीच्या चालुक्यांचे लांछन वराह. गोव्याच्या कदंबांचा सिंह. तो आजही गोव्याच्या कदंब परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांवर फिरतो. देवगिरीच्या यादवांचा गरुड. आणि ठाण्यापासून राज्य करणाऱ्या उत्तर कोकणच्या शिलाहारांचाही गरुड. ‘सुवर्णगरुडध्वज’ हे त्यांचे बिरुद. त्यांच्या ताम्रपटांच्या कडीवरील मुद्रेत गरुडाची आकृती असते.

१३/ याला सरसकट ‘आपली हेराल्ड्री’ म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. इथे हेराल्ड नव्हते, चिन्हाच्या मालकीसाठी भरलेली दरबारी न्यायालये नव्हती. एकच गरुड अनेक घराणी मिरवत. किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ तर सर्वांचाच. जंजिऱ्याच्या दरवाजावर हत्तींना पंजात जखडणारा शरभ सिद्दींच्या किल्ल्यावर आहे. शरभ रायगडाच्या महादरवाजावरही आहे. शरभ हे बळाचे प्रतीक, कोणा एकाच्या कुळाचे चिन्ह नव्हे. दुर्गभ्रमंती करणाऱ्यांनी त्याला ‘अमुक घराण्याचा लोगो’ म्हणणे म्हणूनच टाळावे.

१४/ शिलाहारांचा गरुड मात्र एका कथेला बांधलेला आहे. हे घराणे स्वतःला विद्याधर राजपुत्र जीमूतवाहनाचे वंशज म्हणवी. कथा अशी : गरुडाला रोज एक नाग भक्ष्य म्हणून द्यावा लागे. एके दिवशी शंखचूड नावाच्या नागाची पाळी आली. त्याच्या आईचा आक्रोश ऐकून जीमूतवाहन त्याच्या जागी स्वतःच वधशिलेवर जाऊन बसला. शेवटी गरुडालाच पश्चात्ताप झाला. सातव्या शतकातल्या हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचे कथानक हेच. शिलेवरचा आहार तो शिलाहार, अशी नावाची पारंपरिक फोड याच कथेतून येते.

१५/ म्हणजे या गरुडाकडे पाहिले की विजयाआधी त्याग आठवावा, अशी त्याची रचना आहे. परक्याच्या जिवासाठी आपला देह पुढे करणारा पूर्वज या घराण्याने निवडला. निवडला असेच म्हटले पाहिजे, कारण वंशकथा या निवडलेल्याच असतात. आणि त्यांच्या बिरुदावलीत आणखी एक शब्द आहे. राजा छित्तराजाच्या भांडुप ताम्रपटात (शके ९४८, इ.स. १०२६) अशा बिरुदांची रांग आढळते, तिच्या अखेरीस येतो ‘शरणागतवज्रपंजर’. शरण आलेल्यांसाठी वज्राचा पिंजरा, म्हणजे अभेद्य आसरा.

१६/ याच छित्तराजाच्या काळात अंबरनाथच्या शिवमंदिराचे बांधकाम सुरू झाले असावे, असे अभ्यासक मानतात. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, त्याचा धाकटा भाऊ मुम्मुणी याच्या कारकिर्दीतला. या मंदिराला अजूनही अनेक जण ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाद्रीचा काळ तेरावे शतक, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचा. अंबरनाथ हे भूमिज शैलीचे मंदिर आहे. माळव्यात बहरलेल्या या शैलीच्या आज उरलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते.

१७/ आता त्या बाहेरच्या भिंतीजवळ उभे राहून पाहावे. पायाशी थरांवर थर : कीर्तिमुखांची ओळ, हत्तींची ओळ, माणसांची ओळ. वर देवदेवता आणि सुरसुंदरी. शिखर अपुरे उरले आहे, पण त्याच्या मधल्या उभ्या पट्ट्यावर गवाक्षांच्या नक्षीची जाळी चढत जाते आणि दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या शिखरांच्या माळा रचलेल्या दिसतात. एकच आकृती पुन्हा पुन्हा, लयीत, भिंतभर. वॉलपेपर याहून वेगळे काय करतो? फरक एवढाच की इथे प्रत्येक आवर्तन एका माणसाच्या छिन्नीने कोरले आहे, आणि त्यामुळे दोन कीर्तिमुखे नीट पाहिली तर तंतोतंत सारखी नसतात.

१८/ या मंदिरापासून उल्हासनगर हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे तिच्या बराकींत उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र गेला नाही. पत्ता आजही कॅम्प नंबर १ ते ५ असाच सांगितला जातो.

१९/ ‘शरणागतवज्रपंजर’ असे बिरुद मिरवणाऱ्या राजांच्या देवळाशेजारी, नऊ शतकांनी, घरदार हरवलेली माणसे येऊन राहिली. यात कार्यकारणभाव नाही. इतिहासात असे योगायोग घडतात आणि त्यांना दैवी संकेत ठरवणे हा इतिहासाचा अपमानच. पण योगायोग वाचता येतात. निर्वासितांच्या बराकीत एका खोलीचे पडद्याने दोन भाग होत. त्या खोल्यांतून निघालेल्या लोकांनी फर्निचरचा, कापडाचा बाजार उभा केला आणि साऱ्या परिसराची घरे सजवली. ज्यांची स्वतःची भिंत गेली होती, त्यांच्याच बाजारात आज भिंतीसाठी राजवैभव विकले जाते. या दृश्याला हसण्याआधी दोनदा विचार करावा.

२०/ म्हणून हा मुद्दा ‘परदेशी काढा, स्वदेशी लावा’ इतका सोपा नाही. सिंह उतरवून त्या जागी शिवरायांची राजमुद्रा चिकटवली म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणे तितकेच उथळ. ती अष्टकोनी मुद्रा कागदावर उमटत असे, आणि उमटली की त्या कागदातला शब्द राज्याचा होई. ती स्वतःचे प्रयोजनही सांगते : प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढणारी ही मुद्रा लोककल्याणासाठी आहे. मुद्रा कागदाच्या माथ्यावर येई आणि अखेरीस येई मोर्तब, मजकूर इथे संपला हे सांगणारी मर्यादेची खूण. आज मुद्रा गाडीच्या काचेवर, टी-शर्टवर आणि दिवाणखान्यात सर्वत्र दिसते. मोर्तब कुठेच दिसत नाही. अधिकाराचे चिन्ह उचलले, मर्यादेचे मागे ठेवले.

२१/ यावर एक रास्त आक्षेप आहे : भिंत ज्याची, निवड त्याची, घर सजवायला इतिहासाची परीक्षा द्यायची का? परीक्षा नको. पण जो तरुण स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवतो, सहाव्या वर्गातल्या चुकीच्या तारखेवरून रात्रभर वाद घालतो, त्याने स्वतःच्या पलंगामागच्या भिंतीला तरी एक प्रश्न विचारावा : हे कोणाचे, आणि याने काय वचन दिले होते? तेवढे उत्तर ठाऊक असेल तर इंग्लंडचा सिंहही खुशाल लावावा. चॉसरला रस्त्यावरच्या पाटीबद्दल जेवढी चौकशी करावीशी वाटली, तेवढी तरी करावी.

२२/ आणि ज्याला काही वेगळे करायचे असेल, त्याच्यासाठी एक जुना धडा आहे. १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतून, म्हणजे आजच्या जे. जे. मधून, एक तुकडी अंबरनाथला आली आणि तिने या मंदिराची रेखाचित्रे व साचे तयार केले. याच शाळेत तेव्हा शिकवणारे लॉकवुड किपलिंग पुढे दिल्ली दरबारच्या त्या ध्वजांच्या कामातही होते. एकाच पिढीत दोन वाटा : एक, समोरची भिंत डोळ्यांनी वाचून रेखाटण्याची; दुसरी, नसलेली परंपरा रेशमावर भरण्याची. आजही दोन्ही वाटा खुल्या आहेत.

२३/ पहिली वाट स्वस्त आहे. वॉलपेपरचा एक रोल साधारण ५७ चौरस फूट भिंत झाकतो, आणि बदलापूरच्या पावसात ओल धरलेल्या भिंतीवर तो कडांपासून सुटू लागतो. त्याऐवजी आलेखाची वही, पेन्सिल आणि एक सकाळ. गवाक्षांच्या जाळीतले एकच घर घ्यावे, चौकटी मोजून उतरवावे, शेजारी पुन्हा, वर पुन्हा. दहाव्या आवर्तनाला ती रचना हाताला कळू लागते. तो कागद चौकटीत घालून एका भिंतीवर लावला तरी खोलीत मध्ययुग येते, आणि पाहुण्याने विचारले तर सांगायला गोष्टही असते.

२४/ अशा रेखाटनाचा आणखी एक उपयोग होतो. ज्याने एखादा दगड तासभर पाहिला, त्याला पुढच्या वर्षी त्याची झीज दिसते. मंदिर केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. पण त्याच्या शेजारून वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडली आहे, आणि ऊन-पावसाने, प्रदूषणाने शिल्पांचे चेहरे पुसट होत चालले आहेत. वॉलपेपर जुना झाला की नवा रोल मिळतो. १०६० चे कीर्तिमुख दुसरे मिळत नाही. त्यासाठी बोलणारी माणसे लागतात, आणि ती बहुधा त्यांतूनच निघतात ज्यांनी ते कधीतरी मन लावून पाहिले आहे.

२५/ कॅटलॉगातल्या सिंहाचे वचन फार पूर्वी दुसऱ्या कोणाला दिले गेले होते. अंबरनाथच्या राजांचे वचन शरण आलेल्यांसाठी होते, आणि या तीन शहरांत तर कुठून ना कुठून आलेल्यांचीच वस्ती मोठी आहे : सिंधमधून, घाटावरून, कोकणातून, मुंबईत घर न परवडल्यामुळे. त्या वचनाचे वारसदार शोधायचे झाले तर ते याच लोकलमध्ये, याच गर्दीत सापडतील. भिंतीवर काहीही लावावे. आलेल्याला थारा देणारे घर असावे, एवढे एक कुलचिन्ह त्यांना शोभेल.

(थ्रेड समाप्त. येत्या रविवारी अंबरनाथला जाणाऱ्यांनी आलेखाची वही सोबत घ्यावी.)